नगररचना आणि वाहतूक खात्यांना खुले पत्र: आधी एका टेबलावर बसा

सन्माननीय नगररचनाकार आणि वाहतूक अभियंते,

हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहितो आहे, कारण वेगवेगळं लिहिलं की ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहतं. नव्या वसाहतीतून मुख्य रस्त्याला लागायलाच अर्धा तास जातो, अशी तक्रार नगररचना खात्याकडे नेली तर ‘हा वाहतुकीचा विषय आहे’ असं सांगतात. वाहतूक खात्याकडे नेली तर ‘इतक्या मजल्यांना परवानगी आम्ही दिली होती का?’ असं विचारतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. परवानगी एकाने दिली, कोंडी दुसऱ्याच्या गळ्यात पडली आणि दोघांची भेट झाली ती थेट उद्घाटनाच्या मांडवात.

लोक कुठे राहणार आणि ते ये-जा कशी करणार, हा एकच निर्णय आहे. तुम्ही तो दोन कार्यालयांत घेता, तेही काही वर्षांच्या अंतराने. माझी तक्रार एवढीच आहे.

तुमच्या प्रकल्प अहवालांतल्या सर्वांत लाडक्या आकड्यापासून सुरुवात करतो. वाचणारा वेळ. उड्डाणपूल झाला की इतकी मिनिटं वाचतील, त्याला इतक्या प्रवाशांनी गुणा, मिनिटाची किंमत धरा, की झाला प्रकल्प फायद्याचा. 1970 च्या दशकात वाहतूक अभ्यासक याकोव्ह झहावी यांनी निरनिराळ्या शहरांतल्या प्रवासाच्या नोंदी तपासल्या. माणूस सरासरी दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो आणि साधन बदललं तरी हा तास फारसा बदलत नाही, असं त्यांना आढळलं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी 1994 साली हाच धागा जुन्या शहरांच्या आकारापर्यंत नेला. पायी चालणाऱ्यांचं शहर मध्यापासून दोन-अडीच किलोमीटरच पसरायचं, कारण अर्ध्या तासात तेवढंच चालून होतं. घोड्यांची ट्राम आली तसं ते थोडं सैलावलं, विजेची ट्राम आणि रेल्वे आल्यावर बरंच पसरलं, मोटारीनंतर तर त्याची शीव कुठे संपते ते सांगणं अवघड झालं. ही सरासरी आहे. दोन-दोन तास लोंबकळत जाणारेही याच शहरात राहतात, हे मान्य. तरी कल स्पष्ट आहे. वेग वाढला की लोक तो वेळ शिल्लक टाकत नाहीत, लांबचं पण परवडणारं घर घेतात. वाहतूक अभियंत्याने ज्याला ‘वाचलेला वेळ’ म्हटलं, तो दहा वर्षांनी नगररचनाकाराच्या नकाशावर शहराबाहेरची वस्ती होऊन उमटतो. आणि त्या वस्तीची कोंडी सोडवायला नवा उड्डाणपूल मंजूर होतो.

रस्तारुंदीकरणाचंही असंच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच सांगितलं होतं की गर्दीच्या वेळचा द्रुतगती मार्ग रुंद केला तर आधी वेगळ्या वेळी, वेगळ्या रस्त्याने किंवा वेगळ्या साधनाने जाणारे लोक तिकडे वळतात आणि तो परत भरतो. ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2011 साली अमेरिकी महानगरांचे आकडे मांडले. महामार्गांच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाहनांचा एकूण प्रवासही वाढला होता. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत इतका रुंद झाला की सेवा रस्ते धरून काही ठिकाणी 26 लेन भरतात. पुढच्या काही वर्षांत तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. जमीन मुबलक, पैसा मुबलक, कंत्राटदार तयार, आणि तरीही.

वाढलेला प्रवास म्हणजे सगळं नुकसान, असं मी म्हणत नाही. जी व्यक्ती आधी घरी बसायची ती आता कामाला जाते, हा फायदाच आहे. पण मग तसं सांगा. ‘कोंडी सुटेल’ असं सांगून पैसे मागू नका, कारण ती सुटत नाही. ती पुढच्या चौकात जाऊन उभी राहते. कधी तर नवा रस्ता जोडल्यामुळे सगळ्यांचाच प्रवास लांबतो. डीट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञाने 1968 मध्ये कागदावर सिद्ध केलेली ही गोष्ट आहे. प्रत्येक जण स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडतो आणि सगळे मिळून त्याच अरुंद तोंडाशी अडकतात.

उलट दिशेचा अनुभवही नोंदलेला आहे. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये चॉन्गेचॉन ओढ्यावर बांधलेला उन्नत रस्ता 2003 च्या जुलैत पाडायला घेतला. दिवसाला लाखाहून अधिक वाहनं ज्यावरून जायची तो रस्ता गेला तर शहर बंद पडेल, अशी भीती अर्थातच होती. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये ओढा लोकांसाठी खुला झाला आणि शहर चालूच राहिलं. हे सांगताना लोक ओढ्याच्या फोटोंवर थांबतात. त्याच सुमाराला, 2004 च्या जुलैत, सोलने आपली सगळी बससेवा नव्याने आखली, रस्त्याच्या मधोमध बससाठी लेन दिल्या, बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र जोडलं. रस्ता काढण्याचं धाडस पचलं ते या कंटाळवाण्या कामामुळे. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून परदेश दौऱ्यावरून परतलेली शिष्टमंडळं त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

मग रस्ते बांधायचेच नाहीत का? बांधायचे, पण घरांच्या आधी. न्यूयॉर्कमध्ये 1811 साली आयुक्तांनी मॅनहॅटन बेटावर 155 व्या रस्त्यापर्यंत आखणी करून ठेवली, तेव्हा बहुतेक वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाला होती आणि उरलेल्या भागात शेतं, टेकड्या, ओहोळ होते. त्या आखणीत दोष पुष्कळ होते. एक गोष्ट मात्र तिने साधली: रस्त्यांची जमीन इमारतींच्या आधी सार्वजनिक म्हणून ठरली. आपल्याकडे वाढीच्या कडेला नेमकं याच्या उलट होतं. आधी सुटे सुटे ले-आउट मंजूर होतात, प्रत्येकाचा आतला रस्ता त्याच्याच कुंपणाशी संपतो, आणि वीस वर्षांनी विकास आराखड्यातल्या रुंद रस्त्याची रेघ कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून जाते. मग भूसंपादन, न्यायालय, मोबदला, आणि अर्धवट रस्ता. कुंपणांमुळे होणारं आणखी एक नुकसान मोजायला तुमच्याकडे रकानाच नाही. स्थानक डोळ्यांसमोर तीनशे मीटरवर दिसतं आणि पायी जायला किलोमीटरभर वळसा पडतो. सर्वसाधारणपणे माणूस बसथांब्यापर्यंत चारशे मीटर आणि रेल्वे किंवा मेट्रो स्थानकापर्यंत आठशे मीटर चालत जाईल असं धरतात. तुम्ही ते अंतर नकाशावर कंपासने वर्तुळ काढून मोजता, माणूस मात्र भिंतीला वळसा घालून चालतो.

आता ज्यांनी एका टेबलावर बसून निर्णय घेतला त्यांच्याकडे बघू. यातला मला सर्वांत रंजक वाटतो तो इचिझो कोबायाशी हा जपानी रेल्वे उद्योजक. 1910 साली त्याच्या कंपनीने ओसाकाच्या उमेदापासून ताकाराझुकापर्यंत विजेची रेल्वे सुरू केली. वाटेत मुख्यतः शेतं होती, प्रवासी येणार कुठून? त्याने लोहमार्गालगतची जमीन घेऊन घरं बांधली आणि ती मध्यमवर्गीयांना हप्त्यांवर विकली. पण घरं बांधणारे रेल्वेवाले इतरही होते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनेही पुढे आपल्या मार्गालगत वसाहती उभारल्या. कोबायाशीचं वेगळेपण पुढे आहे. सकाळी गाड्या शहराकडे भरून जातात आणि रिकाम्या परततात, हे त्याने ओळखलं. म्हणून शहराबाहेरच्या टोकाला, ताकाराझुकाला, त्याने गरम पाण्याचं विहारस्थान आणि नाट्यमंडळी उभी केली, आणि शहरातल्या टोकाला, उमेदा स्थानकात, 1929 साली मोठं दुकान काढलं. गाड्या दोन्ही दिशांना आणि सुट्टीच्या दिवशीही भरू लागल्या.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट फार व्यवहाराची आहे. एका दिशेला गच्च आणि दुसऱ्या दिशेला रिकामी धावणारी गाडी ही वाहतूक खात्याची चूक नसते. सगळी घरं एका बाजूला आणि सगळी कार्यालयं दुसऱ्या बाजूला टाकणाऱ्या आराखड्याची ती पावती असते. तेवढ्याच गाड्या, तेवढेच चालक, तेवढीच वीज वापरून कितीतरी जास्त लोक नेता येतील, फक्त रंगीत नकाशावरचा घरांचा पिवळा आणि कार्यालयांचा निळा रंग थोडा मिसळावा लागेल. असा उपाय वाहतूक सल्लागाराच्या अहवालात कधी येत नाही, कारण त्याला रंग बदलायचा अधिकार नसतो.

कोपनहेगनने 1947 च्या आराखड्यात शहराची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर ठेवली आणि बोटांमधली जागा मोकळी राखली. पुढे तिथे मोठी कार्यालयं स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरातच असावीत असा नियमही आला. ब्राझीलमधल्या कुरितिबाने तर मेट्रो परवडत नाही म्हणून 1974 पासून बसवरच भिस्त ठेवली. पण बसच्या वेगळ्या मार्गिका ही त्या शहराची अर्धीच गोष्ट आहे. उंच इमारतींना परवानगी मुख्य बसमार्गांच्या अक्षांवरच होती आणि मार्गापासून दूर जावं तशी इमारतींची उंची उतरत जायची. आपण त्या गोष्टीची पहिली अर्धी बाजू उचलली, दुसरी तिथेच ठेवून आलो. बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव, लेन आखली, एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल त्याची मर्यादा) मात्र जिथे जमीनमालकांचा आग्रह होता तिथे दिला. मग लेन रिकामी दिसते म्हणून मोटारींसाठी खुली करा, अशी मागणी होते.

व्हिएन्नाने झेश्टाट आस्पर्न ही नवी वसाहत उभारताना मेट्रोची यू-2 मार्गिका 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तिथपर्यंत नेली. पहिले रहिवासी त्यानंतरच्या वर्षी राहायला आले. काही काळ मेट्रो जवळपास मोकळ्या माळावर जाऊन थांबत होती. आपल्याकडे असं झालं असतं तर लेखापरीक्षणात ताशेरे आले असते. पण हिशेब उलटा आहे. माणूस नव्या घरात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रवासाची सवय ठरवतो. तेव्हा बस किंवा मेट्रो नसेल तर तो कर्ज काढून गाडी घेतो, आणि एकदा गाडी दारात उभी राहिली की पाच वर्षांनी आलेली मेट्रो त्याच्या कामाची उरत नाही.

बसबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्यावरचा अन्याय साध्या गणिताचा आहे. समजा एका मार्गाची जाऊन-येऊन पूर्ण फेरी एक तासाची आहे आणि तिथे सहा बस आहेत. दर दहा मिनिटांनी बस मिळते. आजूबाजूला मोटारी वाढल्या, फेरी दीड तासाची झाली. सहाच बस ठेवल्या तर आता दर पंधरा मिनिटांनी बस येणार. दहा मिनिटांची सेवा टिकवायची तर नऊ बस आणि त्याच प्रमाणात जादा चालक-वाहक लागणार, म्हणजे खर्च जवळपास दीडपट आणि प्रवासी तेवढेच. त्यांतलेही काही उशिराला कंटाळून दुचाकी घेतात, रस्ता आणखी भरतो, फेरी आणखी लांबते. वर्षअखेरीला बससेवा तोट्यात निघते आणि फेऱ्या कमी करण्याचा ठराव येतो. हा तोटा बसने केलेला नाही. कोंडीचा खर्च तिच्या खात्यावर टाकला गेला आहे. उलट, मोटारींना दिलेली तीन मीटरची लेन तासाला साधारण 600 ते 1,600 माणसं नेते. तेवढ्याच रुंदीची, सारख्या बस सोडलेली राखीव लेन 4,000 ते 8,000 माणसं नेऊ शकते आणि चांगला रुंद फुटपाथ सुमारे 9,000. हे आकडे तुमच्याच व्यवसायाच्या हस्तपुस्तिकांत आहेत. राखीव बस लेनला लागतं ते रंगकाम, दुभाजक आणि अंमलबजावणी. त्यात मोठं बांधकाम नाही. कदाचित तीच अडचण असावी.

पार्किंगवर लवकर आटोपतो, राग फार आहे. एका मोटारीची जागा साडेबारा चौरस मीटर. उतार आणि वळायची वाट धरली की पंचवीस-तीसपर्यंत जाते, म्हणजे एका लहान घराएवढी. स्थानकाजवळ लोकांनी गाडीशिवाय राहावं म्हणून तुम्ही जादा एफएसआय देता आणि त्याच इमारतीला इतक्या गाड्यांची जागा हवीच अशी सक्तीही करता. खालचे तीन-चार मजले पार्किंगचे, त्याची किंमत प्रत्येक घरात मिसळलेली, ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याही. मेक्सिको सिटीने 2017 साली ही किमान सक्ती काढून त्याऐवजी कमाल मर्यादा आणली. जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे की गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचं दाखवल्याशिवाय ती नोंदवता येत नाही. दोन टोकांचे मार्ग आहेत, पण दोन्हीकडे रस्ता हे फुकटचं गॅरेज मानलेलं नाही.

सिंगापूरने 1975 पासून मध्यवर्ती भागात गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या वाहनांकडून शुल्क घेतलं, स्टॉकहोमने 2006 मध्ये सात महिने प्रयोग केला. प्रयोगाआधी जनमत विरोधात होतं. शुल्काच्या हद्दीवरून ये-जा करणारी वाहनं सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झालेली लोकांनी पाहिली, मग सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि 2007 पासून शुल्क कायम झालं. आपल्याकडे असा प्रस्ताव आला की ‘लोकांना चालणार नाही’ म्हणून फाइल मिटते. लोकांना आधी पर्याय द्या, मग विचारा. चांगली बस नसताना शुल्क लावलं तर ती नुसती वसुली होईल आणि लोक विरोध करतील तो योग्यच असेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अहवालाच्या तळटीपेत राहू नये. तुमची सर्वेक्षणं घर ते कार्यालय हा एक सरळ प्रवास धरून चालतात. मुलाला शाळेत सोडणं, दवाखाना, भाजी, मग काम, परतताना पुन्हा दोन थांबे, असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास बायका जास्त करतात, आणि तो बहुतेक गर्दीच्या वेळेबाहेर, पायी आणि बसने होतो. तो मोजलाच नाही तर दुपारच्या फेऱ्या ‘प्रवासी नाहीत’ म्हणून कापल्या जातात आणि बस बदलताना दर वेळी नवं तिकीट काढावं लागतं. आणि मेट्रो आली की जमिनीचे भाव चढतात. जे लोक तिने सर्वांत जास्त प्रवास करतील त्यांनाच भाडं परवडेनासं होतं आणि ते मार्गाच्या शेवटच्या स्थानकापलीकडे जातात, जिथून बसही नसते. सार्वजनिक पैशाने वाढलेली ही किंमत सार्वजनिक तिजोरीत परत आणता येते. हाँगकाँगची मेट्रो कंपनी स्थानकांवरच्या आणि आसपासच्या बांधकामातून आपल्या मार्गांचा मोठा खर्च भागवत आली आहे. त्या उत्पन्नातला हिस्सा तिथेच परवडणाऱ्या घरांसाठी ठेवणं हे नगररचनेचं काम, वेळेत बस सोडणं हे वाहतुकीचं. पैसा मात्र एकाच जमिनीतून येतो. कोलंबियातल्या मेदेयीन शहराने 2004 मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत मेट्रोला जोडून केबलकार नेली, तेव्हा स्थानकांभोवती सार्वजनिक जागाही सुधारल्या. वस्ती हलवून मार्ग मोकळा करण्यापेक्षा मार्ग वस्तीपर्यंत नेणं शक्य असतं, एवढं तरी त्यातून दिसतं.

म्हणून माझी मागणी कागदपत्रांची आहे, भव्य काही नाही. पुढच्या विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला कराल तेव्हा त्याला एक नकाशा जोडा: शहराच्या प्रत्येक भागातून, मोटार नसलेला माणूस सकाळी नऊला निघाला तर पंचेचाळीस मिनिटांत किती नोकऱ्या, शाळा, रुग्णालयांपर्यंत पोहोचतो. तसाच दुसरा नकाशा दुपारी दोनचा. चालण्याचं अंतर कंपासने काढू नका, भिंती धरून मोजा. जिथे हा आकडा कमी आहे तिथे एफएसआय वाढवायचा असेल तर कोणती बस, दर किती मिनिटांनी, कुणाच्या पैशाने आणि पहिल्या घराचा ताबा देण्याआधी की नंतर, हे त्याच पानावर लिहा. नव्या उड्डाणपुलाच्या किंवा मेट्रोच्या प्रस्तावात बांधकामाच्या खर्चाशेजारी पुढच्या वीस वर्षांचा चालवण्याचा खर्चही दाखवा. वाहतूक अभियंत्याची सही असल्याशिवाय मोठ्या वसाहतीचा ले-आउट मंजूर होऊ नये आणि नगररचनाकाराची सही असल्याशिवाय नवी मार्गिका.

मसुदा आधीच छपाईला गेला असेल तर या दोन नकाशांची पुरवणी काढा आणि हरकतींची मुदत तेवढी वाढवा.

आपला,
एक नागरिक